गार्डन हॉटेलातल्या वेटरकाकांना

काका, राम कृष्ण हरी.

गेल्या शनिवारी ऑफिसच्या पार्टीत तुम्ही माझ्यासमोरचा लिंबू-सोड्याचा ग्लास उचललात आणि कानाशी वाकून म्हणालात, "माउली, हा राहू द्या. दुसरा आणतो." मग सोड्याची बाटली माझ्या डोळ्यांदेखत फोडलीत, लिंबू तिथेच पिळलंत. पहिल्या ग्लासात व्होडका कुणी ओतली ते तुम्ही पाहिलं होतं. तरी कुणाचं नाव घेतलं नाहीत, चारचौघांत माझा तमाशा होऊ दिला नाहीत. अजून आठवलं की घसा दाटतो.

गळ्यातली ही माळ मी आषाढीला पंढरपुरात महाराजांच्या हातून स्वखुशीने घातली. दारू-मांस वर्ज्य, एकादशी, परस्त्री मातेसमान. घरात कुणी व्यसनी नाही, कुणी गळ घातली नव्हती. मला असंच जगायचंय. पुण्यात नोकरीला आल्यापासून मात्र हे कुणाला पटतच नाही. "एका पेगने काय होतंय?" "गोव्याला चल, लग्नाआधी मजा करून घे." कुणी गांजाची सिगारेट पुढे करून म्हणतो, हा तर भोलेचा प्रसाद. हसणाऱ्यांत आमचे साहेबही असतात. राज्यात १९४९चा दारूबंदी कायदा आजही आहे, प्यायला परवाना लागतो, व्होडकासाठी वय २५ लागतं. मी २३ चा, हे त्या टेबलावर सगळ्यांना ठाऊक होतं. नको म्हणणाऱ्याच्या ग्लासात चोरून ओतायचं, याला गंमत म्हणत नाहीत, दगा म्हणतात. आणि ज्यांनी ते पाहून मोबाईलमध्ये डोकं घातलं, त्यांचा मला जास्त राग आहे.

तुम्ही स्वतः माळकरी नाही. निघताना पार्किंगपाशी विचारलं तर म्हणालात, "मी घेतो कधीमधी. पण ज्याला नको, त्याला नको." एवढं साधं! रोज रात्री लोकांना दारू वाढणाऱ्या माणसाला हे कळतं, आणि मोठमोठ्या पगाराच्या शिकलेल्यांना कळत नाही. दुसऱ्याचा नेम आपला नसला तरी तो जपावा, ही माणुसकी मला त्या टेबलावर फक्त तुमच्यात दिसली.

आईला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, त्यांना जेवायला बोलाव. पुढच्या एकादशीला ती पुण्यात येतेय. दुसऱ्या दिवशी बारशीला दुपारी, ड्युटीवर जायच्या आधी आमच्या खोलीवर याल का? विचारायला उद्या संध्याकाळी हॉटेलवर येतो.