शनिवारचे चार

म्हार्दोळ, श्रावण

चि. निखिलास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू तीनदा "ठीक आहे, बाबा" म्हणालास. एकदा नोकरीचं विचारलं तेव्हा, एकदा जेवणाचं, आणि तिसऱ्यांदा मी काहीच विचारलं नव्हतं तेव्हा. एकतीस वर्षं मराठी शिकवलं मी. एकच शब्द तीनदा आला की त्याभोवती लाल शाईने गोल करायची सवय अजून गेलेली नाही. म्हणून हे पत्र. फोनवर तू "दुसरा कॉल येतोय" म्हणून सुटतोस, पत्रापासून तसं सुटता येत नाही.

तुझं हे "ठीक आहे" माझ्या ओळखीचं आहे. गेल्या दिवाळीत तू मला त्या झूमच्या गटात घातलंस, तेव्हा पहिले चार शनिवार मीही तेच म्हणत होतो. तुला वाटलं, बाबा रमले. खरं सांगायचं तर मी तुझ्यावर चिडलो होतो. घरात बायको ओळखत नाही, आणि मुलगा सांगतो की काचेतल्या अनोळखी माणसांशी बोला! मोबाइल असा धरायचो की सगळ्यांना फक्त आमचा पंखा दिसायचा.

गटात आम्ही नऊ-दहा जण. कोणी साखळीचं, कोणी वेंगुर्ल्याचं, दोघं पुण्याचे. एक बाई मस्कतला नोकरी करते, तिची आई म्हापशाला. प्रत्येकाच्या घरात कोणाची तरी आठवण विरत चाललेली. शनिवारी चार वाजता आई झोपलेली असते, म्हणून ती वेळ मला जमते. तिला एकटीला सोडून मी साधा एकादशीच्या भजनालासुद्धा जाऊ शकत नाही, तर पणजीला कुठल्या सभेला कसा जाणार? गट चालवणाऱ्या समुपदेशक ताईंचे नियम थोडेच आहेत. इथलं बोलणं इथेच राहील. एकजण बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही. मागितल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. औषधांची नावं सुचवायची नाहीत, ते डॉक्टरचं काम. शेवटचा नियम पाळणं मास्तरला फारसं जड गेलं नाही, पण दुसरा आणि तिसरा अजून जड जातात.

पाचव्या शनिवारी मी पंखा सोडून तोंड दाखवलं. आदल्या संध्याकाळी आईने साडीत दोन पातेली आणि देवाची घंटा बांधली आणि दारात उभी राहिली. "म्हाका घरा वचपाचें आसा." मी म्हटलं, हेच तुझं घर, चाळीस वर्षं राहतेस. ती रडली. मी पुन्हा तेच, आवाज चढवून. मग मी ओरडलो, निखिल. इतका ओरडलो की शेजारची वहिनी कुंपणापर्यंत आली. नंतर विहिरीच्या कट्ट्यावर जाऊन बसलो आणि अंधार पडेपर्यंत उठलो नाही. हे तुला सांगितलं नव्हतं. तुला सांगायची लाज वाटली, आणि ज्यांची आडनावंही मला ठाऊक नाहीत त्यांना सांगितलं. यावर रागवू नकोस. काही गोष्टी मुलाला सांगण्याआधी परक्याला सांगून पाहाव्या लागतात.

कोणी "अरेरे" म्हटलं नाही. ताईंनी विचारलं, असं आणखी कोणाचं झालंय का? सहा हात वर आले.

मग साखळीच्या बाईंनी विचारलं, "मास्तर, एक सांगू?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "हे तुझं घर असं पटवायला जाऊ नका. 'चल, वचूंया' म्हणा, आणि खरंच निघा." दुसऱ्या दिवशी मी निघालो. गाठोडं मी घेतलं, तिचा हात धरला. अंगणात तुळशीवृंदावनाला तीन फेऱ्या मारल्या आणि पुढच्या दारातून आत आलो. आई पडवीत बसली आणि म्हणाली, "पावलीं एकदांची." आता रोज संध्याकाळी आमचा हा प्रवास असतो. पावसात छत्री घेऊन.

पण मला सांगायचं ते यापुढचं आहे. त्या सल्ल्याने माझी संध्याकाळ सुटली, मी नाही. मी सुटलो ते दोन महिन्यांनी. वेंगुर्ल्याचा एक मुलगा, तुझ्याच वयाचा, आईला आंघोळ घालताना ती मारते म्हणून रडत होता. मी विचारलं, सांगू का? आणि सांगितलं: सकाळी नको, दुपारी ऊन असताना घाल. डोक्यावरून तांब्या ओतू नकोस, ती घाबरते. खांद्यावर पंचा राहू दे, पाणी पायापासून घे. पुढच्या शनिवारी तो म्हणाला, "मास्तर, मारलं नाही." त्या रात्री मला कित्येक दिवसांनी गाढ झोप लागली. त्याच्या घरचं ओझं कमी झालं आणि झोप लागली मला. हा हिशेब मला कळेना, म्हणून ताईंना विचारला.

त्यांनी १९३५ सालची गोष्ट सांगितली. बिल नावाचा एक अमेरिकन दलाल, नुकती दारू सोडलेला, ओहायोतल्या ॲक्रन गावी धंद्यासाठी गेला. व्यवहार फिसकटला. हॉटेलच्या बारमधून हसण्याचे आवाज येत होते. त्याने बारकडे न जाता फोन गाठला आणि गावात दुसरा कोणी दारुडा आहे का याची चौकशी सुरू केली. तो कोणाला सुधारायला निघाला नव्हता. आपण पिऊ नये म्हणून त्याला बोलायला माणूस हवा होता. त्याला भेटला एक डॉक्टर, बॉब. त्या भेटीतून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभी राहिली. पुढे १९६५ मध्ये फ्रँक रिसमन या अभ्यासकाने हे तत्त्व मांडलं की मदत करणाऱ्यालाच बरेचदा जास्त फायदा होतो. आपल्या भजनात नाही का, एकाचा आवाज बसला की मागचा अभंग उचलतो, आणि उचलणाऱ्याचाच गळा मोकळा होतो.

आणि हे सगळं लांबचंच नाही. आपल्या गोव्यातच डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या ८१ कुटुंबांचा अभ्यास केला होता, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. थोडं प्रशिक्षण घेतलेले स्थानिक कार्यकर्ते घरी जायचे, आजार समजावायचे, सांभाळणाऱ्याचं ऐकून घ्यायचे. सहा महिन्यांत सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण हलका झाला. तेव्हा माणूस घरी यायचा, आता आमच्याकडे तो काचेतून येतो.

काचेचे तोटे आहेतच. वीज गेली की गट गेला, आणि आमच्याकडे पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही. व्हॉट्सॲपवर तर एकाने "आठवण परत आणणारी" पावडर विकायला काढली होती. ताईंनी त्याला त्याच दिवशी काढलं. आणि समोरचा रडला तर पाठीवर हात ठेवता येत नाही, हे मला दर शनिवारी खुपतं. गट म्हणजे डॉक्टर नव्हे, हेही ताई पुन्हा पुन्हा बजावतात. रात्री-अपरात्री कोणाला जगणंच नकोसं झालं तर त्याने शनिवारची वाट पाहायची नाही, १४४१६ वर टेली-मानसला फोन करायचा. हा नंबर मी फ्रिजवर चिकटवलाय. तूही लिहून ठेव.

आता तुझ्याकडे येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालात आहे की जगात सहातल्या एका माणसाला एकटेपणा ग्रासतो, आणि १३ ते २९ वयाच्यांत १७ ते २१ टक्के तसं सांगतात. मी समजत होतो हा म्हाताऱ्यांचा रोग. तू अठ्ठावीसचा. बंगळूरुच्या त्या खोलीत सकाळी लॅपटॉप उघडतोस, रात्री मिटतोस, मधे फक्त जेवण आणून देणारा मुलगा दार वाजवतो. हे तू सांगितलेलं नाहीस, मी जोडलंय. चुकत असेन तर खोडून काढ.

मी ताईंना विचारलं, घरूनच नोकरी करणाऱ्या मुलांचा असा गट असतो का? असतो म्हणाल्या. त्याची लिंक माझ्याकडे आहे. पाठवत नाही. तू मला न विचारता घातलंस, मी तुला तसं घालणार नाही. मागशील तेव्हा देईन. आणि पहिले चार शनिवार पंखा दाखवलास तरी चालेल.

चवथीची रजा टाकलीस का? गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायला यंदा मला एकट्याला शिडी चढवणार नाही.

आई आता शेजारीच बसलीय, जायांची माळ करतेय. नावं विसरली, पण बोटं विसरली नाहीत, एक कळी चुकत नाही. मघाशी विचारलं, कोणाला लिहिताय? म्हटलं, मुलाला. थोडा वेळ माळ करत राहिली आणि तिच्याही मुलाला लिहायला सांगू लागली, "म्हज्या पुताकय बरयात. तो पावसांत भिजता."

तुझे,
बाबा