फरक सापडेपर्यंत

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तू गेल्यापासून फोनवर ‘पोचलीस का’, ‘हो’ यापलीकडे आपलं बोलणं नाही, म्हणून लिहायला बसले. त्या सकाळी मी ‘सोड ती नोकरी’ म्हणाले ते तुला झोंबलं, दिसलं मला. तुझ्या झोपेबद्दल या पत्रात चकार शब्द काढायचा नाही असं ठरवलंय.

बाबांचं म्हणणं तुला माहीतच आहे. एवढी जुनी, नावाजलेली पेमेंट कंपनी, पगार वेळेवर, विमा आहे, मग ताण कसला? तुझं गाऱ्हाणं उलटंच. माहितीचं एक फील्ड, म्हणजे एक रकाना, वाढवायचा तर सिक्युरिटी, लीगल, रिस्क, सगळ्यांचा होकार घ्यायचा. तोवर मैत्रिणीच्या नव्या कंपनीत दोन गोष्टी लाइव्ह झालेल्या असतात. स्वतःचा बदल स्वतः मंजूर करायचा नाही. वर्षअखेरीची खरेदी सुरू झाली की फ्रीझ, कोडला हातच लावायचा नाही. आणि रोज रात्री चालणारी ती जुनी बॅच, म्हणजे साठलेली कामं एकगठ्ठा उरकणारा प्रोग्रॅम, जिच्या पोटात काय आहे ते एकाच गृहस्थांना ठाऊक, आणि तेही आता निवृत्तीला आलेले.

मला यातलं काहीच नवं वाटलं नाही, आणि तुला राग आला तो बहुधा त्याचाच. आमच्या बँकेत, चेक वटवण्याच्या क्लिअरिंगमध्येही, व्हाउचर लिहिणारा वेगळा आणि पास करणारा वेगळा. मेकर-चेकर आम्हीही म्हणायचो. ज्या आयएसओ ८५८३ वर, म्हणजे कार्ड-व्यवहारांचे निरोप कसे लिहायचे त्या नमुन्यावर, तू वैतागतेस तो १९८७ चा, म्हणजे वयाने तुझ्याहून मोठा. इतक्या बँका आणि इतकी मशीन्स त्याच पद्धतीने एकमेकांशी बोलतात की कुणा एकाला तो मोडीत काढता येत नाही. हे मला तूच समजावलं होतंस. संथ आहे म्हणून तिथली माणसं मठ्ठ आहेत असं समजू नकोस. दुसऱ्याच्या पैशाला हात लावताना माणसाने सावकाशच…

बघ, लेक्चर सुरू झालं. माफ कर.

लहानपणी माझ्या शेजारी बसून बेरजा तपासायचीस. फरकाला ९ ने भाग गेला की आधी आकड्यांची अदलाबदल झालीय का बघायचं, ५४ चे ४५, हे सांगितलं त्या दिवशी तू घरभर आकडे उलटे करून वजाबाक्या करत हिंडलीस. दादा कंटाळून गेला होता. मग नोकरी लागल्यावर तू माझ्या कार्डाचा शेवटचा आकडा दाखवलास. तो आधीच्या आकड्यांवरून काढलेला, पडताळ्यापुरता असतो, म्हणालीस. आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांची पद्धत, पेटंट १९६० चं. शेजारचे दोन आकडे उलटे पडले तर जवळजवळ नेहमी पकडते. ‘जवळजवळ का?’ मी विचारलं. ‘०९ चं ९० झालं तर सुटतं.’ तिथेही ९ च! किती हसलो दोघी.

त्याच दिवशी टाइमआउटचं सांगितलंस. दुकानाला उत्तर पोचलं नाही म्हणून पैसे कापले गेले नाहीत असं धरता येत नाही. दुकान पुन्हा विचारतं, आणि तेव्हा ते दुसऱ्यांदा कापले जाऊ नयेत म्हणून प्रत्येक मागणीवर तिचा एक क्रमांक असतो. तोच क्रमांक परत आला की आधीचंच उत्तर द्यायचं. मनात आलं, कुणा अनोळखी माणसाचे पैसे दोनदा जाऊ नयेत म्हणून माझी मुलगी डोकं लावतेय आणि त्याला ते कधी कळणारही नाही. तुला तेव्हा बोलले नव्हते.

पण रात्री दोनला तो फोन वाजला आणि तू अंधारात लॅपटॉप उघडून बसलीस. सेटलमेंटची फाइल अडकली होती की बँकेच्या आकड्याशी तुमचा आकडा जुळत नव्हता, मला नीट कळलं नाही. ताळा आमचाही चुकायचा. फरक अगदी क्षुल्लक असला तरी तो खिशातून भरून मोकळं व्हायची सोय नव्हती, कारण छोट्या फरकाआड दोन मोठे, एकमेकांना खाणारे फरक दडलेले असू शकतात. सापडेपर्यंत कुणी उठायचं नाही. पण गं, आम्ही सगळे मिळून शोधायचो. एक वाचायचा, दुसरा टिक करायचा. तुझ्यासमोर वाचायला कुणी नव्हतं. त्या सकाळी मी खरं तर हे म्हणत होते. झोपेचंही म्हणत होते, खोटं कशाला बोलू.

ऑन-कॉलला, म्हणजे अडचण आली की कधीही उठायच्या त्या पाळीला, मदतीला दुसरा माणूस, सेकंडरी, असतो म्हणालीस, पण त्याला उठवायला तुला संकोच वाटला. त्याला उठवत जा. तो त्यासाठीच नेमलेला आहे. तुमच्याकडे नंतरच्या अहवालात कुणावर दोष ठेवत नाहीत म्हणतेस, मग तूच का ‘माझ्यामुळे झालं’ म्हणत बसलीस? आणि रात्रभर जागलेल्या माणसाने सकाळी प्रॉडक्शनला, म्हणजे लोक वापरतात त्या चालू यंत्रणेला, हात लावू नये. हा नियम तुमच्याकडे नसेल तर तू सुचव.

नोकरी बदलायची तर खुशाल बदल. पीसीआयचे, म्हणजे कार्डाची माहिती सुरक्षित ठेवायचे, नियम नव्या कंपनीलाही आहेतच. व्यवहार मंजूर झाल्यावर कार्डामागचा तीन आकडी कोड साठवायचा नाही म्हणजे नाही, कंपनी केवढीही असो. फक्त तिथे सेकंडरीही तूच असशील. हे सल्ला म्हणून लिहिलेलं नाही. बरं, सल्ला म्हणूनच लिहिलंय.

पुढचा ऑन-कॉलचा आठवडा कधी ते कळव. त्या आठवड्यात मी रात्री फोन करणार नाही, उगाच अलर्ट समजून दचकशील. झोप मात्र

जाऊ दे.

तुझी,
आई

ता.क. काकांचा रिफंड आला. रिफंड हा वेगळा व्यवहार असतो, उलट्या वाटेने सगळे टप्पे घेत येतो, त्याला दिवस लागतात, हे मी तुझ्या शब्दांत सांगून पाहिलं. त्यांच्या मते तो तू शब्द टाकलास म्हणून आला, आणि तसं ते सगळ्यांना सांगत सुटलेत. मी दुरुस्त केलेलं नाही.