आधी पट्टी, मग पडदा

मा. संपादक,

डिजिटल फळ्यावर अपूर्णांक शिकवताना एक मूल तुकडे सरकवते, बाकीचा वर्ग बघत बसतो. त्याआधी प्रत्येकाच्या हाती १२ सेंमीची कागदी पट्टी द्यावी. १/२ म्हणजे ६ सेंमी, १/३ म्हणजे ४. दोन्ही मिळून १०, म्हणजे ५/६. अंशात अंश, छेदात छेद मिळवून आलेले २/५ तर अर्ध्याहूनही कमी भरते, हे मग मुलांनाच खटकते.

‘फेट’ (PhET) या शैक्षणिक संकेतस्थळावरच्या अपूर्णांकांच्या मोफत सिम्युलेशनमध्ये, म्हणजे पडद्यावर हाताळायच्या प्रतिकृतीत, वर्तुळ, पट्टी, संख्यारेषा अशी चित्रे बदलता येतात. मात्र छेद वाढवण्याआधी ‘तुकडा लहान होईल की मोठा?’ याचे उत्तर वहीत लिहून घ्यावे, नाहीतर मुले (हुशार असतात!) नुसती बटणे दाबत उत्तर गाठतात. शिवाय वर्तुळावरच अडकू नये. ५/४ ची जागा संख्यारेषेवरच नीट कळते.

– प्राथमिक गणित शिक्षक