वणव्याच्या चार महिन्यांत शेकोटी कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या मार्चमध्ये पुण्याहून माझा भाचा, सूनबाई आणि त्यांची दोन मुले नागझिरा अभयारण्य पाहायला आली. मुलांनी हट्ट धरला म्हणून मीही एक रात्र त्यांच्याबरोबर जंगलाला लागून असलेल्या एका रिसॉर्टवर राहिले. रात्री जेवणे आटोपली आणि अंगणात शेकोटी पेटली. दिवसभर अंगाची लाही झालेली, रात्री पंख्याशिवाय झोप लागू नये असे दिवस, आणि शेकोटी! सागाच्या वाळक्या काटक्या कुंपणापलीकडूनच वेचून आणलेल्या. शेकोटीपासून वीस-पंचवीस पावलांवर पाचोळ्याचा घोट्याएवढा थर. मी व्यवस्थापकाला विचारले. तो बिचारा नम्रपणेच म्हणाला, "मॅडम, पाहुणे फोनवर पहिल्यांदा तेच विचारतात, कॅम्पफायर आहे ना? नाही म्हटलं तर दुसरीकडे जातात."

पहाटे सफारीला निघताना मी मुद्दाम तिकडे गेले. वर पांढरी राख, तिच्यावर थोडी माती लोटलेली. काडीने उकरले तर खाली निखारे लालबुंद. मातीने निखारा मरत नाही, दडून राहतो. दुपारी वावटळ उठली की तोच बाहेर येतो. नातवंडांना दोन बादल्या पाणी आणायला लावले. ओतले, ढवळले, पुन्हा ओतले, राखेवर पालथा हात धरून पाहिला आणि मगच जीपमध्ये बसले. चुलीसमोर आयुष्य गेलेल्या कुठल्याही बाईला हे ठाऊक असते, पण तिथे ते कोणी केले नव्हते.

नवेगाव राष्ट्रीय उद्यान 1975 चे, नागझिरा अभयारण्य त्याच्याही आधीचे. 2013 मध्ये आजूबाजूची अभयारण्ये जोडून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. हे सगळे पानझडीचे जंगल. साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह, मधूनमधून बांबूची बेटे. जानेवारी सरता सरता पाने गळू लागतात आणि मार्चमध्ये जमीन दिसत नाही. म्हणूनच 15 फेब्रुवारी ते 15 जून हा आपल्याकडे वणव्याचा हंगाम मानतात आणि त्याआधी वनखाते जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून पालापाचोळा काढून मोकळे केलेले पट्टे, काढून ठेवते. याच दिवसांत रातवा हा निशाचर पक्षी जमिनीवर, उघड्या पाचोळ्यावर अंडी घालतो. रानकोंबडीही जमिनीवरच अंडी उबवत असते. वणवा मोठ्या झाडांच्या फक्त बुंध्याला काळे फासून पुढे जातो, त्यामुळे पावसाळ्यात लोकांना वाटते की जंगल पुन्हा हिरवे झाले. पण दोन-तीन वर्षांची रोपे, अंडी, पिल्ले, कासवे यांच्यासाठी तो शेवट असतो.

आणि माणसांसाठीही. 8 एप्रिल 2021 रोजी नागझिऱ्यात आग विझवताना तीन वनमजूर होरपळून गेले. आटोक्यात येत आलेली आग वाऱ्याने पुन्हा भडकली. त्या आगीचा दोष मी पर्यटकांवर टाकत नाही. मला एवढेच सांगायचे आहे की आग कोणीही लावो, तिच्या तोंडाशी उभी राहतात ती याच गावांतली पोरे. माझा एक जुना विद्यार्थी हंगामी मजूर म्हणून दर उन्हाळ्यात आगीवर जातो. पाठीवर पाचोळा उडवणारा ब्लोअर असला तर असला, नाहीतर हिरव्या फांद्यांनी झोडपायचे. मी विचारले, भीती नाही वाटत? म्हणाला, "बाई, आग दिसली का धावाच लागते." उपग्रहावरून आगीचे संदेश येतात, ती सोय चांगलीच आहे. पण उपग्रहाला दिसण्याइतकी आग वाढते तोवर पाचोळ्यातली पहिली वीस मिनिटे गेलेली असतात. ती वीस मिनिटे त्याच्यासारख्यांच्या पायांवर निघतात.

कायदा काय म्हणतो, तेही पाहावे. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या कलम 30 प्रमाणे अभयारण्याला धोका होईल अशा रीतीने आग पेटवणे किंवा ती पेटती सोडून जाणे गुन्हा आहे. राष्ट्रीय उद्यानालाही ते लागू आहे. कलम 27 प्रमाणे अभयारण्यात राहणाऱ्या प्रत्येकावर आग विझवण्याचे बंधन आहे. 1927 चा भारतीय वन अधिनियमही जंगलातून वनोपज घेणाऱ्यांना आगीची खबर देणे आणि ती विझवायला धावणे बंधनकारक करतो. म्हणजे मोह वेचणाऱ्या बाईला आग विझवण्याची सक्ती आहे, आणि शेकोटीभोवती गाणी म्हणून सकाळी निघून जाणाऱ्या पाहुण्याला मात्र कोणी हटकतही नाही. हे मला फार लागते.

मोह वेचताना झाडाखालचा पाला जाळतात, त्यातून वणवे लागतात, हे खरे आहे. मी ते झाकणार नाही. शाळेत असताना मुलांना आणि त्यांच्या आयांना मी वर्षानुवर्षे हेच सांगत आले की पाला झाडून बाजूला करा, झाडाखाली जुनी लुगडी किंवा जाळी पसरा. अनेकींनी ऐकलेही. मोहफुलावर ज्यांचे घर चालते त्या बाया सवय बदलू शकतात, तर एका रात्रीच्या मौजेसाठी आलेल्यांना बदलायला काय हरकत आहे?

धूम्रपानाचेही तेच. आमचा भाग बिडीचा. तेंदूपत्ता याच जंगलांतून जातो आणि बिडी ओढणारे घरोघरी आहेत. ओढणारेच सांगतात, बिडी दोन झुरके नाही घेतले की विझते. सिगारेट तशी नाही. कोणी ओढो न ओढो, ती शेवटपर्यंत धुमसत राहते. तिचे थोटूक जीपमधून पडले तर मागे वळून पाहायला कोण थांबतो? नवेगाव आणि नागझिरा या दोन्ही जंगलांच्या मधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 53 वर तर रात्रंदिवस ट्रक-मोटारी धावतात. साकोलीच्या पुढे कडेला थांबून तीन दगडांवर भात शिजवणारे मी कित्येकदा पाहिले आहेत. दगड तसेच, राख तशीच सोडून गाडी निघते.

माझी विनंती अशी की 15 फेब्रुवारी ते 15 जून या काळात जंगलालगतच्या सर्व रिसॉर्ट, होमस्टे आणि तंबूंच्या जागी उघड्यावर आग पेटवायला भंडारा आणि गोंदिया या दोन्ही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांनी सरळ मनाई करावी. सगळ्यांनाच मनाई असली की "दुसरीकडे जातात" ही त्या व्यवस्थापकाची अडचणही उरणार नाही. नागझिऱ्याच्या पिटेझरी, चोरखमारा, मंगेझरी या प्रवेशदारांवर काडेपेटी आणि लायटर जमा करून टोकन द्यावे, परतताना वस्तू परत. देवळाबाहेर चपला ठेवतो, त्यात कोणाला अपमान वाटत नाही. गाईडला टोकायला संकोच होतो, कारण त्याची बक्षिसी पाहुण्याच्या हातात असते. म्हणून हे काम त्याच्यावर न सोपवता दारावरच व्हावे. मनाई मोडणाऱ्यांकडून जमा झालेल्या दंडातून हंगामी मजुरांना चामडी बूट आणि विमा मिळाला तर फार बरे होईल. आजही कित्येक जण साध्या चपलांवर आगीत उतरतात.

रिसॉर्टवाल्यांना एक सुचवते. शेकोटी बंद करा आणि अंगणातले दिवेही बंद करा. मार्चच्या रात्री जंगलाकाठी अंधारात गप्प बसले की रातव्याचा टक-टक आवाज ऐकू येतो. माझ्या नातवंडांनी तो दुसऱ्या रात्री आमच्या साकोलीच्या गच्चीवरून ऐकायचा प्रयत्न केला. तिथे नाही आला.

कुठेही धूर दिसला तर वनखात्याचा 1926 हा क्रमांक आहे. तो प्रत्येक खोलीच्या दारामागे, खोलीच्या भाड्याच्या तक्त्याशेजारी लावावा. पुढचा हंगाम सुरू होण्याआधी हे व्हावे, म्हणून आत्ताच लिहीत आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
साकोली, जि. भंडारा