भरती झाला तरच आजारी का?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

परवा तुमच्या पेपरात आमच्या तालुक्यातल्या आयुष्मान कार्ड शिबिराची बातमी वाचली, पाच लाखाचा मोफत इलाज वगैरे. चांगलंच आहे, हार्टचे, किडनीचे पेशंट त्याच्यावर वाचले, कोणी नाही म्हणत नाही. पण डोक्याच्या आजाराचं काय, ते कोणीच विचारत नाही.

हे कार्ड चालते ते भरती झाल्यावर. केंद्राच्या योजनेत मानसिक आजाराचे पॅकेज आहेत म्हणा, पण खेड्यातला पेशंट खाटेपर्यंत पोचेल तेव्हा ना. आमच्या शेजारचा पोरगा, मागच्या हंगामात कपाशी गेली अन् त्याची झोपच उडाली, रात्रभर वावरात फिरे, बडबडे, शेवटी कोणाला जवळ येऊ देईना. तालुक्याच्या दवाखान्यात इंजेक्शन देऊन झोपवलं, सकाळी सांगितलं जिल्ह्याला न्या, तिथून नागपूर. गाडीभाडं, आईची बुडालेली मजुरी, नंतर महिनोनमहिने बाहेरून घेतलेल्या गोळ्या, यातलं एक रुपयाही कार्डात बसलं नाही. मधल्या काळात बाहेरचं झालं म्हणून मांत्रिकाने घेतले ते वेगळेच (तो मात्र घरी येते बरं, रात्री बोलावलं तरी).

अन् शेतकऱ्याने जीव दिलाच तर मग सरकारी कमिटी बसते, पात्र का अपात्र, पात्र ठरला तर घरच्यांना 1 लाख. म्हणजे मेल्यावरचा हिशोब ठरलेला आहे, त्याच्या आदल्या रात्रीसाठी कुठल्याच योजनेत खातं नाही.

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहिलं आहे की विम्यात मनाचा आजार शरीराच्या आजारासारखाच धरायचा, अन् जिल्ह्यात सरकारी सोय नसेल तर जिल्ह्यातल्याच दुसऱ्या ठिकाणच्या इलाजाचा खर्च सरकारने द्यायचा. किती जणांना माहीत आहे हे? रेशन दुकानावर तरी लावा.

उपाय काही आभाळातून आणायचा नाही. आपल्या शेजारच्याच अमरावती जिल्ह्यात 30 गावांत विश्राम नावाचा प्रकल्प झाला होता, गावातलेच लोक ट्रेन करून घरोघरी पाठवले तर डिप्रेशनचे पेशंट इलाजाला कितीतरी जास्त यायला लागले. सरकारचा शेतकऱ्यांच्या समुपदेशनाचा प्रेरणा प्रकल्पही 2015 पासून आहे, आशाताई सर्व्हे करतात. पण त्यांच्यावर आधीच फॉर्मचा ढीग, अजून किती फुकट राबवणार? टेलिमानस या सरकारी मानसिक मदतीच्या हेल्पलाइनचा 14416 नंबर चोवीस तास फुकट आहे, तो सगळ्यांनी फोनमध्ये सेव्ह करावाच, पण जो बोलायच्याच पलीकडे गेला तो फोन कसा लावणार, त्याच्याकडे कोणीतरी जावंच लागते.

म्हणून म्हणणं एवढंच की महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या पैशातून ग्रामीण रुग्णालयात एक शिकलेला समुपदेशक, रात्रीची गाडी, घरी जाऊन दोन-तीन महिन्यांचा फॉलोअप अन् गोळ्या, याचं केसप्रमाणे पेमेंट द्या, डायलिसिसचं देता तसं. योजना राज्याची आहे, दिल्लीला विचारायची गरज नाही, आपल्या भागातल्या आमदारांनी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात हा प्रश्न लावून धरावा.

– एक वाचक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ