रिकाम्या सीटचा पट्टा

प्रिय विद्यार्थिनी,

परवा तुझा पहिला सोलो झाला, शेजारी मी नसताना तू एकटीने विमान उडवलंस. सगळ्यांनी तुझं अभिनंदन केलं, माझंही केलं, आणि तुझे आभार मानायचे मात्र राहून गेले. तोंडावर बोलायला गेलो असतो तर माझा आवाज फुटला नसता, म्हणून लिहितोय. चारचौघांत लिहितोय, कारण इतर शिकणाऱ्यांनी आणि शिकवणाऱ्यांनीही हे वाचावं असं मला वाटतं.

तू माझ्याकडे आलीस तेव्हा मी शिकवणं सोडायच्या बेतात होतो. विमानाचा कंटाळा आला नव्हता. शेजारी माणूस बसलेला असूनही तिथे कोणी नसल्यासारखं वाटायचं, त्याला कंटाळलो होतो. आधी ज्या ठिकाणी शिकवायचो तिथे उड्डाणाआधी आणि नंतर शांतपणे बोलायला वेळ मिळावा म्हणून मी कितीदा विनवण्या केल्या. उत्तर ठरलेलं: तास भरा, विमान उभं ठेवू नका. मग विद्यार्थीही तसेच घडत गेले. इंजिन थांबत नाही तोच मोबाइल हातात, लॉगबुकात किती वेळ धरायचा एवढी एकच चौकशी, आणि मी काहीही सांगितलं की 'येस सर'. कालची चूक आज जशीच्या तशी. याचा मला राग आहे आणि तो अजून गेलेला नाही. ज्यांनी शिकवण्याची जागा हिशेबाच्या वहीसारखी चालवली, त्यांनी कितीतरी चांगल्या मुलांचं नुकसान केलं.

माझंही केलं. समोरचा ऐकत नाही हे कळलं की आमचा हात कंट्रोलवर लवकर जातो. विमान जरा तिरकं झालं की घेतलं ताब्यात. हात असा लवकर गेला की शिकणाऱ्याला स्वतःची चूक पूर्ण दिसतच नाही आणि ती दुरुस्त करायची संधीही मिळत नाही. मला हे सगळं कळत होतं, तरी हात आवरत नव्हता.

तुझ्या स्टॉलच्या, म्हणजे पंखांची उचल अचानक कमी होण्याच्या, धड्याची गोष्ट आठवते? वेगमापकावरच्या हिरव्या पट्ट्याची सुरुवात, म्हणजे सरळ उड्डाणातला स्टॉलचा वेग, दाखवून मी सवयीने म्हणालो, "48 नॉट, लक्षात ठेव." इतकी वर्षं एवढंच सांगत आलो होतो. खाली उतरल्यावर तू विचारलंस, "सर, वळणातसुद्धा 48च का?" मी फळ्यापाशी गेलो. उंची कायम ठेवून 60 अंश कललेल्या वळणात पंखांवरचा भार दुप्पट होतो, आणि स्टॉलचा वेग भाराच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणजे 48चे जवळजवळ 68 होतात. मग तूच पुढे गेलीस: म्हणजे स्टॉल वेगाने होत नाही, पंख हवेला कोणत्या कोनात सामोरा जातो त्याने होतो. तिथून आपण बेसवरून फायनलला, म्हणजे उतरण्यासाठी धावपट्टीच्या रेषेत, घ्यायच्या वळणावर आलो. धावपट्टीची रेघ ओलांडली गेली की नवखा पायलट घाबरून वळण आवळतो, वर रडरचा (शेपटीवरच्या सुकाणूचा) पाय जास्त देतो, आणि सावरायला पुरेशी उंची नसतानाच विमान स्पिनमध्ये, म्हणजे गिरक्या घेत खाली, जाऊ शकतं. फळा भरला होता, बाहेर अंधार पडला होता, आणि शेवटचं कधी कुणाला हे इतकं मन लावून समजावलं होतं ते मला आठवेना.

लँडिंगच्या दिवसांत तर तू मला पकडलंसच. तीन लँडिंग झाल्यावर म्हणालीस, "तुमचे हात मांडीवर होते, पण पाय पेडलवर होते. माझा उजवा पाय कमी पडतोय ना?" खरंच कमी पडत होता. इंजिनाच्या आवाजात, नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे ठेवायची धडपड चालू असताना, शेजारच्याचे पाय कुणाला दिसतात? त्या दिवसापासून मी पाय मागे घ्यायला शिकलो. तू स्वतःची चूक माझ्याआधी सांगायचीस, त्यामुळे मला थांबता येऊ लागलं. विमान मध्यरेषेवरून सरकू द्यायचं, आणि ती आणते की नाही ते बघायचं. तू आणायचीस. हे थांबणं मी गमावून बसलो होतो, ते तू परत दिलंस.

आणि परवाचा तो क्षण. मी म्हणालो, "मी उतरतो, तू एक सर्किट मारून ये." सर्किट म्हणजे उडून, धावपट्टीभोवती एक फेरी मारून परत उतरणं. मी दार लावून बाजूला झालो आणि मागे वळून पाहिलं. तू वाकून माझ्या सीटचा पट्टा उचललास, बकल लावलंस, ओढून घट्ट केलास. माझ्या हेडसेटची वायर गुंडाळून कंट्रोलपासून दूर ठेवलीस. मगच चेकलिस्ट हातात घेतलीस. रिकाम्या सीटचा पट्टा मोकळा राहिला तर कंट्रोलमध्ये अडकू शकतो, हे मी तुला एकदाच सांगितलं होतं. तिसऱ्या की चौथ्या धड्याला, विमान जमिनीवरून चालवत नेताना, ओघात. मी स्वतःच ते विसरलो होतो. त्या घाईच्या, छाती धडधडण्याच्या घडीला तुला ते आठवलं.

गवतावर उभा राहून मी ते सर्किट पाहिलं. एका माणसाचं वजन कमी झाल्यावर विमान भराभर चढतं, ते तसंच चढलं. टचडाउनच्या वेळी माझा उजवा पाय जमिनीत रुतत होता. खाली आल्यावर, टेकण्याआधी नाक उचलण्याबद्दल, तुझे पहिले शब्द होते, "सर, फ्लेअर जरा वर केला."

लक्ष देणारी माणसं कमी भेटतात, पण भेटतात. आमचे एक मेकॅनिक आहेत. पायलटने नुसतं 'इंजिन हादरतंय' असं नोंदवलं की ते हातातलं काम ठेवून येतात आणि विचारतात, किती आरपीएमला, दोन्ही मॅग्नेटोंवर (इंजिनाला ठिणगी देणाऱ्या यंत्रणांवर) की एकावर? समोरच्याचं बोलणं खरं मानून ते कामाला लागतात. तुझ्यातही मला तेच दिसलं. याला मी सभ्यता म्हणतो, आणि हुशारीपेक्षा ती मला मोठी वाटते.

मी शिकवणं सोडत नाही. परवा संध्याकाळीच ठरलं ते. तुझे मनापासून आभार.

आता क्रॉसविंड, म्हणजे आडव्या वाऱ्यातलं लँडिंग, घ्यायचंय. त्यात सुरुवातीला माझे पाय पुन्हा पेडलवर येतील. कधी काढतो त्यावर लक्ष ठेव.

तुझा,
सर