उबवणी यंत्राच्या सदोष सेन्सरबाबत तक्रार व रक्कम परत मिळण्याची मागणी

नागपूर, १० जून

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग

विषय: ५० अंड्यांचे घरगुती उबवणी यंत्र, तापमान चुकीचे दाखवत असल्याबाबत

महोदय,

आपले ‘पूर्ण स्वयंचलित, बाराही महिने चालणारे’ उबवणी यंत्र मी ऑनलाइन मागवले. बिलाची प्रत सोबत आहे. यंत्राच्या पडद्यावर ३७.८ अंश दिसत होते आणि त्याच वेळी कोपऱ्यातली अंडी ३९ च्या पुढे तापत होती. तक्रार एवढीच आहे. पण आपल्या ग्राहक सेवेने ‘ग्राहकाने काळजी घेतली नाही’ असा शेरा मारून ती बंद केली, म्हणून आता सविस्तर लिहिते.

पंखा असलेल्या यंत्रात कोंबडीच्या अंड्यांना ३७.५ ते ३७.८ अंश लागतात, हे आपल्याच पुस्तिकेत छापले आहे. अर्धा अंश थोडा वेळ खाली गेला तर अंडे ते सहन करते. वर गेलेले तापमान मात्र सहन होत नाही. आपण सेन्सर बसवला आहे झाकणातल्या हवेच्या भोकाला लागून. नागपुरात मे महिन्यात घरात कूलर चालतोच. त्याचा गार झोत भोकातून आत आला की तो सगळ्यात आधी सेन्सरला लागतो. सेन्सरला वाटते आत गार आहे, मग हीटर बंद होतच नाही. पडद्यावर सगळे ठीक, आणि ट्रेच्या दूरच्या कोपऱ्यात अंड्यांना ताप. जास्त तापमानाचा भोंगा वाजायला हवा होता, पण तोही याच सेन्सरवर चालतो, त्यामुळे तो शेवटपर्यंत गप्प होता.

कूलर बंद करून पाहा, असे आपल्या प्रतिनिधीने फोनवर सुचवले. तेही केले. भरदुपारी खोलीच ३९ वर गेली. आपल्या यंत्रात गरम करण्याची सोय आहे, गार करण्याची नाही. खोलीपेक्षा आतले तापमान खाली आणणे त्याला शक्यच नाही. पुढचा सल्ला आला, ‘एसी रूममध्ये ठेवा.’ गावरान कोंबडीच्या पिल्लांसाठी एसी लावणारे गिऱ्हाईक आपल्याला कुठे भेटले, ते कळवावे.

मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे नुसत्या अंदाजावर बोलत नाही. प्रयोगशाळेतला काचेचा थर्मामीटर आधी बर्फाच्या चुऱ्यात धरून शून्य दाखवतो की नाही हे पाहिले, मग तो अंड्यांच्या उंचीवर ठेवला. शेजारी ताप मोजायचा पाऱ्याचा थर्मामीटर ठेवला. त्याचा पारा झटकल्याशिवाय उतरत नाही, त्यामुळे झाकण उघडले तरी आकडा हलत नाही. तो १०३ फॅरनहाइट, म्हणजे ३९.४ सेल्सिअस दाखवत होता. दोन्हींचे फोटो, शेजारी यंत्राचा पडदा दिसेल असे, मी तेव्हाच पाठवले होते. उत्तर आले: ‘बाहेरचे थर्मामीटर वापरू नका, डिस्प्लेवर विश्वास ठेवा.’ सेटिंग दीड अंशाने खाली आणू का, असे विचारले तर वॉरंटी रद्द होईल म्हणाले.

सेन्सर चुकू शकतो हे मान्य करण्यात कमीपणा नाही. ३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश नोंदवले आणि देशभर बातमी झाली. पुढे सेन्सर बिघडल्याचे हवामान खात्यानेच सांगितले. आपण मात्र अंड्यांनाच दोष दिला.

अंडी हुडकेश्वरच्या एका ओळखीच्या घरून, एकाच दिवशी आणलेली होती. त्यातलीच काही त्यांच्या खुडूक कोंबडीखाली ठेवली होती. तिची पिल्ले २१ व्या दिवशी निघाली, खणखणीत. यंत्रातल्या अंड्यांना १९ व्या दिवशीच चिरा पडू लागल्या. जी थोडी पिल्ले बाहेर आली ती लहानखुरी, काहींची बेंबी मिटलेली नव्हती, काहींची बोटे वाकडी. उरलेल्या अंड्यांत पूर्ण वाढलेली पिल्ले कवचातच मेलेली निघाली. वेळेआधी निघणे आणि न मिटलेली बेंबी ही जास्त उष्णतेची लक्षणे आहेत, हे कुठलाही पशुवैद्य सांगेल. नागपुरात पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आपल्या तंत्रज्ञाने तिथे विचारून यावे.

आता पुस्तिकेविषयी. ‘वीज गेल्यास यंत्र ब्लँकेटमध्ये गुंडाळावे’ असे त्यात लिहिले आहे. डिसेंबरात ठीक. मे महिन्यात लाइन गेली की पंखा थांबतो आणि शेवटच्या आठवड्यात वाढलेली पिल्ले अंड्यातून स्वतःच उष्णता सोडत असतात. त्यावर ब्लँकेट टाकले तर उरलासुरला जीवही जायचा. त्या वेळी हवेची भोके उघडायला हवीत. हे वाक्य कुठल्या थंड प्रदेशातल्या पुस्तिकेतून जसेच्या तसे उचलले असावे, असा माझा संशय आहे. यंत्र ठेवायच्या खोलीचे तापमान किती असावे, याबद्दल तर पुस्तिकेत एक अक्षर नाही.

माझ्या मागण्या अशा: यंत्राची पूर्ण किंमत आणि मागवण्याचा खर्च परत मिळावा. दुसरे यंत्र नको. तोच सेन्सर त्याच भोकाजवळ असेल. खोली किती अंशांपेक्षा तापलेली चालणार नाही, हे खोक्यावर आणि जाहिरातीत मराठीत छापावे, आणि ‘बाराही महिने’ हे शब्द काढावेत.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन. बिलाच्या तळाशी आपल्या शहरातल्याच न्यायालयात दाद मागावी असे छापले आहे, पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करू शकतो आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाचे शुल्कही लागत नाही.

यंत्र मूळ खोक्यात बांधून ठेवले आहे. न्यायला माणूस पाठवाल तर सकाळी शाळेच्या वेळेआधी पाठवावा, आणि आधी फोन करावा.

आपली ग्राहक,
मानेवाडा, नागपूर

सोबत: बिलाची प्रत, थर्मामीटर व पडद्याचे फोटो, ग्राहक सेवेशी झालेला पत्रव्यवहार